‘ळ’च्या पुढे काय?

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो, पुढचं वाचण्याआधी एक छोटं काम करून बघा. कागदावर आपल्या जिल्ह्याचं नाव लिहा आणि प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतलं त्याच्या पुढचं अक्षर ठेवा. काना-मात्रा आहे तशीच राहू द्या. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘सांकेतिक भाषा’ या घटकात असतं तसंच.

जळगाव. ‘ज’चा झाला ‘झ’. आता ‘ळ’. त्याच्या पुढे काय?

कुणी म्हणेल ‘क्ष’, कारण भिंतीवरच्या तक्त्यात ‘ळ’नंतर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ असतात. कुणी म्हणेल ‘क्ष’ हे तर जोडाक्षर, वर्णमाला ‘ळ’ला संपली, म्हणून फिरून परत ‘क’. कुणी पेन खाली ठेवेल. धुळेकरांनीही हसू नये, त्यांच्या ‘धु’चा ‘नु’ होतो आणि पुढे हीच अडचण उभी. अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, पारोळा, सगळीकडे हा ‘ळ’ बसलेलाच आहे. साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा मात्र सुटले.

गंमत म्हणून हा प्रश्न बरा आहे. पण पाचवीचं पोर परीक्षेच्या हॉलमध्ये अशा जागी अडतं तेव्हा आपण काय म्हणतो? ‘गणित बरं आहे हो त्याचं, बुद्धिमत्तेत कच्चा आहे.’ हे वाक्य मी पालकसभेत ऐकलं आहे, स्टाफरूममध्येही ऐकलं आहे. मूल बाजूला उभं असतं आणि ऐकत असतं. गणितात कच्चा म्हटलं तर मुलाला वाटतं अभ्यास करू, जमेल. बुद्धिमत्तेत कच्चा म्हटल्यावर त्याने काय करायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे की अक्षरं पुढे-मागे सरकवण्याच्या या प्रश्नात तीन वेगवेगळी कामं एकत्र बांधलेली असतात आणि आपण तिन्हींचे गुण ‘बुद्धी’च्या खात्यात टाकतो. पहिलं काम म्हणजे अक्षरांचा क्रम तोंडपाठ असणं. दुसरं म्हणजे मोजता मोजता मधलं उत्तर डोक्यात धरून ठेवणं. तिसरं, दिलेल्या उदाहरणावरून नियम ओळखणं. यातलं तिसरंच खरं तर तर्काचं काम. पण बहुतेक मुलं तिसऱ्यापर्यंत पोचतच नाहीत, पहिल्यातच दमतात.

पहिल्याचंच बघू. पाचवीच्या शिष्यवृत्तीचा दुसरा पेपर दीड तासाचा. इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५० मिळून ७५ प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच गोल रंगवायचा. प्रश्न येतो की अमुक शब्दातली अक्षरं तीन घरं मागे गेली आहेत. मुलाला ‘आर’च्या मागचं तिसरं अक्षर हवं आहे. आपलं मराठी माध्यमाचं मूल पहिलीपासून इंग्रजी शिकतंय, ए-बी-सी-डी त्याला येतेच. पण येते ती गाण्यासारखी. मधून सुरू करता येत नाही, उलटी म्हणता येत नाही. म्हणून ते ‘ए’पासून सुरू करतं, ‘एलेमेनोपी’ एका दमात गिळतं आणि ‘आर’पाशी पोचेपर्यंत आपण कशासाठी निघालो होतो तेच विसरतं. मुलांचे ओठ हलताना बघा, कोण कुठपर्यंत आलंय ते कळतं. यात बुद्धी कमी पडली म्हणायचं, की गाणं लांब पडलं?

मराठीत तर आणखी वेगळी गोष्ट आहे. वाचायला शिकवताना आपण अक्षरं क-ख-ग-घ या ओळीने शिकवत नाही. गटाने घेतो, चटकन शब्द तयार होतील अशी अक्षरं आधी घेतो, आणि ते बरोबरच आहे. मूल लवकर वाचायला लागतं. पण मग त्याच मुलाने पाचवीत ‘घ’च्या पुढे ‘ङ’ येतो हे पक्कं सांगावं अशी अपेक्षा कुठून आली? ‘ङ’ आणि ‘ञ’ ही अक्षरं त्याने तक्त्याबाहेर कधी पाहिलेलीच नसतात. ‘घर’ हा शब्द एक घर पुढे सरकवा म्हटलं तर उत्तर येतं ‘ङल’. ‘ङ’ विसरलेल्या मुलाचं उत्तर येतं ‘चल’. आता मूल कुठला पर्याय निवडेल? ‘ङल’ हे बोलताही येत नाही आणि ‘चल’ हा छान ओळखीचा शब्द. गोल रंगवून मोकळं. नियम त्याला समजला होता, सरकवलंही त्याने नीट. एक अक्षर ओळखीचं नव्हतं, एवढंच. पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला हे दिसत नाही.

आपल्या भागात आणखी एक भर आहे. अहिराणी बोलणाऱ्या घरात डोळा म्हणजे ‘डोया’, केळी म्हणजे ‘केयी’, पाणी म्हणजे ‘पानी’. लेवा गणबोलीतही ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘जयगाव’ म्हणणारी आजी घरात आहे. त्या मुलाला ‘ळ’ लिहिता येतो, वाचताही येतो. पण मनातल्या मनात वर्णमाला म्हणताना त्याच्या कानात ‘ळ’ आणि ‘य’ जवळजवळ असतात आणि ‘श’, ‘ष’, ‘स’ तर एकाच घरात राहतात. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्यांनी यापेक्षा जास्त बघितलेलं असेल. ही मुलं कमी हुशार आहेत असं तिथे शिकवणारा एकही शिक्षक म्हणणार नाही.

उलट एक ताळा घेता येतो. नवोदयच्या निवड चाचणीत मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न असतात आणि ते सगळे आकृत्यांचे. वेगळी आकृती, आरशातली प्रतिमा, कागद घडी करून भोक पाडलं तर उघडल्यावर कसं दिसेल, असे. अक्षर एकही नाही. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन मुलं अशी असतात जी आकृत्यांमध्ये पटापट उत्तरं देतात आणि सांकेतिक भाषेपाशी आली की गप्प होतात. आकृतीत नियम शोधणारं डोकं अक्षरांत का बंद पडावं? कारण आकृती समोर कागदावर असते. वर्णमाला कागदावर नसते.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. हे प्रश्न विचारताना वर्णमालेची पट्टी प्रश्नाच्या वर छापावी. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेने तसं करावं, आणि तोपर्यंत आपण आपल्या सराव चाचण्यांमध्ये करावं. इंग्रजीची २६ अक्षरं एका ओळीत मावतात, मराठीची ३४ व्यंजनं दोन ओळींत. कागद किती लागतो?

यावर लगेच एक आक्षेप येतो. पट्टी दिली तर प्रश्न सोपा होईल, मग मुलांमध्ये फरक कसा करणार? मला हा आक्षेप कळत नाही. क्रम पाठ असण्यावरून फरक करायचा असेल तर सरळ विचारा की ‘थ’नंतर काय, आणि त्याला पाठांतर म्हणा. बुद्धिमत्तेचा फरक करायचा असेल तर नियम अवघड करा. पहिलं अक्षर एक घर पुढे, दुसरं दोन घरं मागे, तिसरं परत एक पुढे, असा नियम पट्टी समोर असतानाही शोधावाच लागतो. पट्टीने फक्त चुकीच्या कारणासाठी जाणारे गुण वाचतात.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो. ‘मॅडम, पुढे पोलीस भरतीत पट्टी कोण देणार?’ प्रश्न खोटा नाही. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० पैकी २५ गुण बुद्धिमत्ता चाचणीचे असतात. धुळ्यात राज्य राखीव दलाचा गट आहे, पहाटे मैदानावर धावून दिवसभर अभ्यासिकेत बसणारी मुलं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत. आणि आपण शिक्षक तरी कुठे सुटलो? डिसेंबर २०१७ मध्ये पहिली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी झाली, २०० प्रश्न आणि १२० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्या तयारीत आपण सगळ्यांनी ‘ई-जे-ओ-टी-वाय’ पाठ केलं, म्हणजे ५, १०, १५, २०, २५ क्रमांकांची अक्षरं. विरुद्ध अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज २७, हेही पाठ केलं. त्या वयात ते ठीकच होतं. वीस-बावीस वर्षांच्या उमेदवाराला वर्णमाला येत असते, त्याला वेळ वाचवायचा असतो. ‘ट्रिक’ त्याच्यासाठी आहे.

खटकतं ते हे, की तीच ट्रिक आपण दहा वर्षांच्या मुलाच्या हातात आधी देतो. शिष्यवृत्तीच्या जादा तासात पहिल्याच दिवशी फळ्यावर ‘ई-जे-ओ-टी-वाय’. मुलं ते पाठ करतात, हुशार मुलं त्यावरून उत्तरंही काढतात. पण ‘संकेत म्हणजे काय’ हे एकालाही सांगता येत नाही. नियम बदलला की हात वर येतात, ‘मॅडम, हे शिकवलंच नाही.’

मग सुरुवात कुठून करायची? माझं मत, मराठी अक्षरांपासून आणि चौकटीपासून. वर्गीय व्यंजनं पाच-पाचच्या ओळीत लिहून घ्या. क ख ग घ ङ, त्याखाली च छ ज झ ञ, मग ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. पाच ओळी, पाच रकाने. हे चौकोनी अंगण इंग्रजीला नाही. एक घर पुढे म्हणजे उजवीकडचं अक्षर आणि ओळ संपली की पुढच्या ओळीचं पहिलं. पाच घरं पुढे म्हणजे मोजायचंच नाही, बरोबर खालचं अक्षर. मुलांना ‘गज’ हा शब्द पाच घरं पुढे न्यायला सांगा. ‘ग’च्या खाली ‘ज’, ‘ज’च्या खाली ‘ड’. गजाचा झाला जड! ‘गण’चं काय होतं? ‘जन’. राष्ट्रगीत म्हणणारी पोरं हे उत्तर निघाल्यावर जे ओरडतात ते शेजारच्या वर्गात ऐकू जातं. एक घर पुढे नेला तर ‘काम’चा ‘खाय’ होतो, म्हणजे काम कर आणि मग खाय, हे आमच्या वर्गात एका मुलीने सांगितलं. असे शब्द मुलं स्वतः शोधत बसतात, आणि शोधता शोधता क्रम पाठ होतो. तो वेगळा पाठ करून घ्यावा लागत नाही.

चौकट ‘म’पाशी जरा अडते, तेही मुलांना सापडू द्या. ‘प’च्या खाली ‘य’, ‘फ’च्या खाली ‘र’, ‘ब’च्या खाली ‘ल’, ‘भ’च्या खाली ‘व’, आणि ‘म’च्या खाली काहीच नाही, कारण य-र-ल-व ही ओळ चारचीच आहे. मग ‘म’च्या पुढचं पाचवं अक्षर कुठलं? मोजा. ‘श’ येतो. नियम कुठे चालतो आणि कुठे मोडतो हे बघणं, मला विचाराल तर, उत्तर काढण्यापेक्षा मोठं काम आहे.

ही काही माझी नवी कल्पना नाही. आपल्याकडे करपल्लवी नावाचा खुणांचा प्रकार होता, तो याच रचनेवर चालतो. प्रत्येक वर्गाला हाताची एक खूण, स्वरांना नागाच्या फण्याची, ‘क’ वर्गाला कमळाची, ‘च’ वर्गाला चक्राची, अशी. मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं. म्हणजे ओळ सांगा आणि रकाना सांगा. दोघांना तोंडाने न बोलता बोलता येतं. मागच्या बाकावरची मुलं हे फार लवकर शिकतात, तेवढी तयारी ठेवा.

आणि संकेताचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ कित्येक शतकं सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह, आणि किल्ली फक्त पंथातल्या लोकांना माहीत. बाहेरच्या माणसाच्या हातात पोथी पडली तरी त्याला वाचता येऊ नये. लीळाचरित्रासारखा मराठी गद्याचा जुना ठेवा यामुळे बाहेरच्या वाचकाला बंद राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्यांनी या लिपीची किल्ली शोधून जगापुढे मांडली ते म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. राजवाड्यांचं निधन धुळ्यात झालं, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि लगेच पुढच्या महिन्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. आजही ते आहे. भडगाव तालुक्यातलं कनाशी हे महानुभावांचं क्षेत्रही आपल्याच भागातलं. ज्या जिल्ह्यांत आपण ‘सांकेतिक भाषा’ हा घटक दोन तासिकांत उरकतो, तिथे ही गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं. सहल काढताना धुळ्यात राजवाडे मंडळाचं दार दाखवायला किती वेळ लागतो?

ही गोष्ट सांगितली की वर्गात एक फार कामाचा प्रश्न निघतो. परत कसं यायचं? ज्याने लिहिलं त्याला आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याला मूळ शब्द परत मिळाला पाहिजे, नाहीतर तो संकेत नाही, नुसती खाडाखोड आहे. रोमचा ज्यूलियस सीझर आपल्या पत्रांत अक्षरं तीन घरं सरकवायचा. वाचणारा तीन घरं मागे यायचा, बस. म्हणून मी मुलांना आधी प्रश्न सोडवायला देत नाही, चिठ्ठ्या लिहायला देते. नियम तुझा, चिठ्ठी तुझी, मैत्रिणीने वाचून दाखवायची. ती चुकीचं वाचते तेव्हा भांडण होतं, आणि त्या भांडणात खरी बुद्धिमत्ता चाचणी होते. ‘तू ‘ङ’ धरला नाहीस.’ ‘तू ‘ळ’नंतर काय घ्यायचं ते सांगितलंच नव्हतं.’ सुरुवातीच्या जळगावचा प्रश्न मुलं तिथेच आपापसांत सोडवतात. एका गटाने ठरवलं ‘ळ’नंतर परत ‘क’, दुसऱ्याने ठरवलं ‘क्ष’. दोन्ही चालतात. अट एकच, आधी सांगायचं.

आता तीच अट प्रश्न काढणाऱ्यांनाही लागू व्हायला हवी. इथे माझी दुसरी मागणी आहे.

वर्णमाला कुठली धरायची? जुन्या व्याकरणात मराठीचे ४८ वर्ण. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ते ५२ झाले, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ आले, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ विशेष संयुक्त व्यंजनं म्हणून आले. जुन्या क्रमात ‘ए’च्या पुढे ‘ऐ’ होता, नव्या क्रमात ‘ए’च्या पुढे ‘ॲ’ आहे. आजोबांकडून शिकलेल्या मुलाचं आणि नवा तक्ता बघितलेल्या मुलाचं उत्तर वेगळं येईल आणि दोघंही बरोबर असतील. बाजारातल्या सराव पुस्तकांत तर कुठे ‘ङ’, ‘ञ’ मोजलेले असतात, कुठे नसतात, आणि हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नसतं. पट्टी छापली की हा सगळा घोळ एका फटक्यात मिटतो. मूल आणि प्रश्न काढणारा, दोघांसमोर एकच वर्णमाला.

पट्टीनेही न मिटणारा घोळ एका उदाहरणाचा आहे. समजा प्रश्न असा आहे, ‘कट’ला ‘खठ’ म्हटलं तर ‘खत’ला काय म्हणाल? तुम्ही म्हणाल एक घर पुढे, म्हणून ‘गथ’. पण एक मूल म्हणतं ‘कथ’. का रे? तर म्हणे, ‘क’ आणि ‘ख’ची अदलाबदल झाली, ‘ट’ आणि ‘ठ’ची झाली, म्हणून ‘ख’चा ‘क’ आणि ‘त’चा ‘थ’. काय चूक आहे त्याचं? दिलेल्या उदाहरणाला त्याचा नियम पूर्ण लागू पडतो. शिवाय त्याच्या संकेतात परत येणं आणखी सोपं, तोच नियम उलटही चालतो. इंग्रजीतही असंच. ‘एल’च्या जागी ‘ओ’ आला तर तो तीन घरं पुढे म्हणूनही असेल आणि ‘एल’चं विरुद्ध अक्षर म्हणूनही, कारण बारा आणि पंधरा मिळून सत्तावीसच होतात. अशा वेळी चार पर्यायांत दोन्ही उत्तरं ठेवलेली असली तर जास्त विचार करणाऱ्या मुलाचं नुकसान होतं आणि पाठ केलेला नियम लावणारं मूल सुटतं. ही चाचणी मग मोजते तरी काय?

दोन उदाहरणं दिली की बहुतेक ठिकाणी दुसरा नियम गळून पडतो. ‘कट’ला ‘खठ’ आणि ‘खग’ला ‘गघ’, एवढं सांगितलं की अदलाबदल संपली, सरकवणंच उरलं. मुलाला तर्क करायला जास्त जागा मिळते, कारण आता एक नियम मांडून दुसऱ्या उदाहरणावर तपासायचा आहे. एका ओळीचा खर्च आहे. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन उत्तरं असू शकतात हे परिषदेलाही अमान्य नाही. पाचवीच्या मुलाला मात्र दोन बरोबर वाटांपैकी प्रश्नकर्त्याच्या मनातली वाट ओळखावी लागते.

पालकांसाठी थोडं. घरी ए-बी-सी-डी पाठ म्हणून घेऊ नका, ती त्याला येते. जेवताना सहज विचारा, ‘टी’च्या आधी कोण? ‘के’च्या दोन्ही बाजूंना कोण? भिंतीवर अक्षरांची पट्टी लावा आणि बघून सांगितलं तर रागावू नका. काही आठवड्यांनी बघणं आपोआप कमी होतं. परीक्षेत पट्टी मिळत नाही तोवर पेपर हातात आल्यावर कच्च्या कामाच्या जागेत इंग्रजीची ओळ आणि मराठीची चौकट लिहून ठेवायची सवय लावा, ‘ङ’ आणि ‘ञ’सकट. दोन-अडीच मिनिटं जातात, पुढे भरून निघतात. आणि क्लासची चौकशी करताना ‘किती मुलं गुणवत्ता यादीत आली’ याच्या जोडीला एवढंही विचारा, की मुलं स्वतः प्रश्न तयार करतात का.

शिक्षकांना शेवटचं. परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि ठरलेल्या मुदतीत तिच्यावर ऑनलाइन आक्षेप घेता येतो, शाळेलाही आणि पालकालाही. त्यानंतरच अंतिम सूची येते. आपल्यापैकी बरेच जण उत्तरं जुळवून मुलांचे गुण मोजतात आणि सूची बाजूला ठेवतात. सांकेतिक भाषेचे प्रश्न त्या वेळी एकदा वेगळे काढून बघा. एखाद्या मुलाने दुसरं उत्तर का निवडलं ते त्यालाच विचारा, आणि त्याचं कारण टिकत असेल तर आक्षेप नोंदवा. ‘प्रश्न अवघड होता’ किंवा ‘अभ्यासक्रमाबाहेरचा होता’ असं लिहू नका. तीन ओळी पुरतात. दिलेल्या उदाहरणाला लागू पडणारा दुसरा नियम, त्या नियमाने येणारं उत्तर, आणि ते उत्तर कोणत्या क्रमांकाच्या पर्यायात आहे.